माहुलचे फ्लेमिंगो आणि मोहाखालचं अस्वल

माहुलच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला आपण हौसेने जातो, कंटाळा आला तर घरी लोळतो. विदर्भात मोहफुलं वेचणाऱ्या बाईला ही चैन नाही. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे गळतात, आणि अस्वलालाही ती भारी आवडतात. त्याचं नाक तल्लख, नजर मात्र अधू. खाण्यात गुंगलं की माणसाची चाहूलही लागत नाही. एकदम समोरासमोर आलं की दचकून अंगावर येतं, बऱ्याचदा थेट चेहऱ्यावर.

मग पेपरात बातमी, आणि ऑफिसात चहा पिताना कुणीतरी विचारतोच, "जंगलात गेलीच कशाला?" (अहो, पोटासाठी! आपण लोकल पकडतो तशी.) मला हा प्रश्न आगाऊ वाटतो. उजाडल्यावर, चारचौघींनी मोठ्याने बोलत जावं, हा सल्ला ठीकच. पण तोवर निम्मी फुलं गुरंढोरं नि हरणं फस्त करतात, त्याचं काय?