बंदुकांना पैसे कोणी दिले?

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आम्ही काहीजण. गोवामुक्तीच्या आठवणी एम. ए.च्या वर्गात वाचताना त्याग, तुरुंगवास, लाठीमार यांवर बोलणे सोपे जाते. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत वडील नोकरीला असलेल्या एका विद्यार्थ्याने मात्र मध्येच विचारले, "सर, बंदुकांना पैसे कोणी दिले?" आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही.

दादरा व नगर हवेलीपुरते उत्तर ठाऊक आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हे पोर्तुगीज प्रदेश स्वयंसेवकांनी मुक्त केले. त्या मोहिमेच्या निधीसाठी सुधीर फडके यांच्या पुढाकाराने पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला. गाणे ऐकून घरी परतणाऱ्या श्रोत्याला आपले तिकीट कशाच्या कामी येणार हे कितपत ठाऊक होते, कोण जाणे!

आणि सरकार? गोव्यासाठी शस्त्र उचलायचे नाही, ही नेहरूंची तेव्हाची जाहीर भूमिका. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. संसदेत वादळ उठले, तरी दिल्लीने पुढे सत्याग्रहींनाच सीमेवर अडवले. नगर हवेलीत मात्र तिने अडवले ते पोर्तुगीज सैन्याला. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. सैन्य व शस्त्रे नेण्याचा हक्क त्याला नाही, असा निर्णय १९६० मध्ये लागला. तिजोरीतून पैसा न देताही बंडखोरांना केवढे साहाय्य करता येते, याचे हे उदाहरण. आमच्या मते ते साहाय्यच होते, आणि संसदेत तसे म्हणायला हवे होते. १९७१ मध्येही, मुक्तिवाहिनीला पुढे आपल्या भूमीवर प्रशिक्षण मिळाले, तरी ३१ मार्चच्या संसदीय ठरावात पाठिंबा जाहीर झाला तो भारतीय जनतेचा.

मुत्सद्देगिरीला ही संदिग्धता सोयीची असते, हे आम्हांलाही कळते. पण तिची किंमत मोजणारा माणूस वेगळाच असतो. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे आमच्यासारखेच मराठीचे शिक्षक. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले, आणि पुढे त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात धाडण्यात आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये भारताने हजारो पोर्तुगीज युद्धकैदी मायदेशी पाठवले. रानडे आतच राहिले, कारण ते कोणत्याच सैन्याचे शिपाई नव्हते. त्यांच्या सुटकेसाठी धडपड केली ती पुन्हा सुधीर फडक्यांनीच. 'सतीचे वाण' हे रानड्यांचे आत्मकथन आम्ही आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नासकट शिकवतो. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये.