बास कोणाचा?

मागच्या अंकातल्या ‘नवे आल्बम’ सदरावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच: सोल आणि ऑर्गन जॅझच्या रेकॉर्डींची यादी पानभर, पण ड्रम्सवर कोण, गिटारवर कोण याचा पत्ता नाही. तक्रार रास्त आहे. फक्त ती नावं आम्ही गाळली नाहीत. लेबलांनी पाठवलेल्या मजकुरात ती नव्हतीच. व्हिनाइलच्या तीन रंगांची वर्णनं होती, वादक नव्हते.

हे चोचले नव्हेत. सिअॅटलच्या डेलव्हॉन लमार ऑर्गन ट्रायोचे तीन आल्बम घ्या: ‘क्लोज बट नो सिगार’ (२०१८), ‘आय टोल्ड यू सो’ (२०२१) आणि ‘कोल्ड अॅज वाइस’ (२०२२). ऑर्गन लमारचा, गिटार जिमी जेम्सची, पण ड्रमर तिन्ही वेळा वेगळा: डेव्हिड मॅकग्रॉ, मग ग्रँट श्रॉफ, मग डॅन वाइस. तिसऱ्याचं नाव तर आल्बमच्या शीर्षकातच शिरलंय. बासवाला नसलेल्या बँडमध्ये ड्रमर बदलला की लमारच्या डाव्या हाताची चालच बदलते. तिन्ही आल्बम ओळीनं ऐका, शंका राहणार नाही. अॅपवर मात्र तिन्हींखाली समोर दिसतं ते ट्रायोचं एकच नाव. ड्रमर शोधायचा तर मेन्यूत मेन्यू उघडत जा, आणि शेवटी बहुतेकदा हाती लागतो निर्माता.

जिमी स्मिथच्या ‘द सर्मन’मध्ये दोन वर्षांतली सेशन्स एकत्र आली आहेत आणि आल्टोवर दोन वेगळी माणसं आहेत, शीर्षक-ट्रॅकवर लू डोनाल्डसन, ‘जे. ओ. एस.’वर जॉर्ज कोलमन. ब्लू नोट वादकांची नावं मागच्या कव्हरवर छापायची, म्हणून आज यावर वाद होत नाही. सोलवाल्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. मोटाउनच्या गाण्यांवर वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या फंक ब्रदर्सना कव्हरवर जागा मिळायला १९७१ चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ उजाडावा लागला. आणि आपल्या हिंदी सिनेमासाठी स्टुडिओत आयुष्य घालवलेल्या गोवेकर वादकांबद्दल तर बोलायलाच नको.

प्रश्न मानाचा तेवढाच पैशाचा. अमेरिकेत डिजिटल रेडिओच्या रॉयल्टीची वाटणी कायद्यानं बांधून दिली आहे: ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीच्या वादक-गायकांना. ज्याचं नाव कुठं नोंदलेलंच नाही, त्याच्या दारात हे ५ टक्के कसे पोचणार? आपल्याकडेही २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा रॉयल्टीचा हक्क आला. हक्क कागदावर आहे. कुठल्या ट्रॅकवर कोणी वाजवलं याचा कागद मात्र नाही.

आता फॉर्मची गोष्ट. आमच्या एका वाचकानं आपल्या ऑर्गन ट्रायोचा पहिला आल्बम एका डिजिटल वितरकाकडे पाठवला. ‘बास’च्या रकान्यात ऑर्गनवादकाचंच नाव लिहिलं, कारण बास त्याच्याच डाव्या हातात. फॉर्म परत आला. शेरा: एकच नाव दोनदा आले आहे, दुरुस्ती करावी. रकाना कोरा ठेवला तर पुन्हा परत: बासवादकाचे नाव अनिवार्य. वैतागून गृहस्थांनी ‘लागू नाही’ असं लिहिलं. ते तत्काळ मंजूर झालं, आणि आज त्या आल्बमच्या क्रेडिटमध्ये ‘बास: लागू नाही’ असं झळकतं आहे. वाद्यांच्या यादीत हॅमंड नाहीच. ‘कीबोर्ड’ निवडा आणि गप्प बसा. हा फॉर्म बनवणाऱ्यानं ड्रॉबार ओढणं सोडाच, ऑर्गन ट्रायो एकदा तरी ऐकला असेल का, कोण जाणे.

पण सगळं खापर वितरकावर फोडून आपण मोकळे होऊ नये. हे मासिक वाचणारे किती जण सेशन संपल्यावर नावांचा कागद भरतात? लेस्लीवर वरचा माइक कुठला, खालचा कुठला, यावर तासभर वाद घालणारे रेकॉर्डिस्ट ‘नावं नंतर पाठवतो’ म्हणून निघून जातात. ते नंतर कधी येत नाही. वादकही काही कमी नाहीत. पाकीट हातात पडलं की बॅग खांद्यावर; आपलं नाव कुठं आणि कसं लागणार हे विचारायला भीड वाटते. कसली भीड? वाजवलंय ना तुम्ही?

म्हणून निर्णय सांगतो. पुढच्या अंकापासून ट्रॅकनिहाय वादकांची यादी सोबत नसेल तर त्या आल्बमची नोंद या सदरात येणार नाही. लेबल कितीही मोठं असो, रेकॉर्ड कुठल्याही रंगाची असो. ज्यांचे आल्बम येऊ घातले आहेत त्यांनी मास्टरिंगला फाइल देण्याआधीच यादी तयार करावी, सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि महिन्याच्या २० तारखेच्या आत आमच्याकडे पाठवावी. बास डाव्या हाताचा की पेडलचा, तेही त्यात लिहा.