मूळचं किती, नवं किती?



गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला. "बाबा, माळ्यावरचा पाळणा काढून ठेवा. पण जरा नवा रंग मारून घ्या हं, फारच जुनाट दिसतो तो." पहिलं नातवंड येणार, म्हणजे हुकूम मोडायची सोय नाही. पाळणा काढला. सागवानी, लाखेच्या रंगाचा, बाजूच्या फळ्यांवर कृष्णाच्या गोष्टी रंगवलेल्या. आपल्या कलघटगीचा 'तोट्टिलु' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एका बाजूची वरची कड मात्र पार उघडी पडली आहे. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी दात येताना ती चावली आहे. त्यात मीही आलो.

पाळणा घेऊन गावातल्याच एका कारागिराकडे गेलो. त्यानं बोटानं रंग चाचपला, दांडीचा सांधा हलवून पाहिला आणि म्हणाला, "ब्याड्री. सांधा घट्ट करून देतो, पुसून देतो. वरून नवा रंग चढवला तर हा तुमच्या आजीचा पाळणा राहणार नाही, माझा होईल. माझा हवा असेल तर नवीनच करून घ्या."

चाळीस वर्षं हुबळीत गॅरेज चालवलेला माणूस मी. मला लगेच जुन्या रेसिंग गाड्यांचं जग आठवलं. तिथंही हाच वाद चालतो, फक्त किंमत कोटींच्या घरात असते.

आपल्या मराठी माणसाच्या गाडीपासून सुरू करू. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूझेनबर्ग 'एसजे' घेतली. ड्यूझेनबर्ग हे शर्यतीतलं मोठं नाव. १९२१ साली ल माँ इथं झालेली फ्रेंच ग्रां प्री या गाडीनं जिंकली आणि इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा मारली. त्या अनुभवातूनच त्यांचं रस्त्यावरचं इंजिन घडलं: एका रांगेत आठ सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. 'एसजे'ला शिवाय सुपरचार्जर होता. ताकद कंपनीच्या सांगण्यानुसार ३२० अश्वशक्ती. त्या काळातल्या साध्या मोटारींची ताकद यापुढे कुठेच लागत नव्हती.

गंमत अशी की ड्यूझेनबर्ग कारखाना बरेचदा पूर्ण गाडी विकत नसे. गिऱ्हाइकाला मिळे चासिस, इंजिन आणि समोरचा भाग. बॉडी वेगळ्या कारागिराकडून करून घ्यायची. होळकरांनी ती लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून करून घेतली. एवढ्या लांबलचक चासिसवर माणसं बसणार फक्त दोन, आणि रंग नारिंगी-काळा. तेव्हाच्या बॉडीत आत बहुधा अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असे आणि त्यावर हातानं ठोकून बसवलेला पत्रा. म्हणजे आमचा कारागीर आणि लंडनचा कारागीर, दोघंही सुतारकीच्याच जातकुळीतले.

आता 'मूळ' म्हणजे काय हा प्रश्न इथून सुरू होतो. 'एसजे'ची ओळख म्हणजे बॉनेटच्या बाजूनं बाहेर आलेले चकचकीत एक्झॉस्टचे लवचीक पाइप. ते पाहून लोक म्हणत, ही सुपरचार्जरवाली. पण सुपरचार्जर नसलेल्या गाड्यांवरही हौसेनं तसे पाइप बसवले गेले. शिवाय बॉडी वेगळी, चासिस वेगळं, त्यामुळे एकीची बॉडी दुसरीवर जाणं हेही खूप झालं. म्हणून जाणकार माणूस पाइपकडे बघून हुरळून जात नाही. तो इंजिनवरचा, चासिसवरचा आणि फायरवॉलवरचा नंबर बघतो, पत्र्याच्या आतल्या बाजूचे हातोडीचे घाव बघतो, लाकूड कुठं बदललं ते बघतो.

यावर इंग्लंडात थेट कोर्टात खटला चालला. बेंटलीची एक स्पीड सिक्स होती, 'ओल्ड नंबर वन' या नावाची. ल माँची चोवीस तासांची शर्यत तिनं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दोन्ही वेळा चालवायला वुल्फ बार्नाटो होता, पहिल्या वर्षी टिम बर्किन जोडीला, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. पुढं तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसवलं. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती कठड्यावरून बाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी जागीच गेला. नंतर ती पुन्हा बांधली गेली, वेगळ्या बॉडीची. १९९० मध्ये तिचा १ कोटी पौंडांचा सौदा ठरला. मग घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे, ल माँ जिंकलेल्या गाडीचे सुटे भाग हिच्यात उरलेतच किती?

न्यायमूर्ती ऑटन यांनी भाग मोजून पाहिले. खरोखरच फार थोडे होते. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूनं लागला. तिला 'ओरिजिनल' म्हणता येणार नाही, पण बदल एकामागून एक होत गेले, गाडीची ओळख मध्ये कुठं तुटली नाही, दुसरी कुठली गाडी त्या नावावर हक्क सांगत नाही. म्हणून 'ओल्ड नंबर वन' ती हीच. मला हा निकाल पटतो. कारण झिजलेला भाग बदलणं ही गाडी चालवण्याचीच गोष्ट आहे. दिसायला वाईट म्हणून चांगला भाग काढून टाकणं ही वेगळी.

हे सगळं मी फार उशिरा शिकलो. १९८० च्या दशकात माझ्या काकांची फियाट डिलाइट मी 'नवी' करून द्यायचं ठरवलं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, १९६४ ची. मी पत्रा खरवडला, मूळचा फिकट राखाडी रंग घालवून लालभडक स्प्रे मारला. बॉनेटखालची छोटी पत्र्याची पाटी गंजली होती, ती काढली आणि भंगारात टाकली. काका बघायला आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान झालीय रे." पुन्हा कधी ती चालवली नाही. दोन वर्षांनी विकून टाकली. काय चुकलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली.

तरुण मंडळींनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल, तर हे तुमच्यासाठी. २०२१ पासून केंद्र सरकारच्या नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, तीही मूळ रूपात, चासिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली असावी लागते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नवी नोंदणी २० हजार रुपये, १० वर्षांसाठी. अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीला नेता येते. तेव्हा हात लावण्याआधी भरपूर फोटो काढा. जुनं आरसी बुक जपा. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. नवा रंग द्यायचाच झाला तर डिकीच्या आत हातभर जागा तरी मूळ रंगाची राहू द्या. आणि ज्यांनी ती गाडी चालवली, त्यांना आधी विचारा.

लेकीला मी फोन केला. कारागीर काय म्हणाला ते सांगितलं, काकांच्या फियाटचंही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, ती चावलेली कड कुठली हो? डोक्याकडची की पायाकडची?"

"डोक्याकडची," मी म्हटलं.

"मग सांधा तेवढा घट्ट करून घ्या."

पाळणा परवा घरी आला. दांडी आता हलत नाही. बाकी आहे तसाच आहे.