एवढ्यानं काय होतंय!

माझं स्पष्ट मत आहे की, कुत्र्यांना जेवढा त्रास दगड मारणाऱ्यांनी दिला नसेल, तेवढा बिस्किटं देणाऱ्यांनी दिला आहे.

आमचा गुंड्या आधी कान खाजवू लागला. मग पंजे चाटू लागला. मग रात्री दोन वाजता पलंगाच्या पायाला पाठ घासू लागला. आणि पलंगावर मी असल्यामुळे प्रकरण डॉक्टरांकडे गेलं. पिसवा नाहीत, खरूज नाही, असं बघून झाल्यावर ते म्हणाले, "खाण्याची ॲलर्जी असावी."

मेव्हणे म्हणाले, "रक्त तपासा, मोकळे व्हा." आपल्याकडे छापील रिपोर्टाशिवाय आजार झाल्यासारखा वाटतच नाही. पण ते रक्ताचे नि लाळेचे रिपोर्ट या कामी भरवशाचे नसतात. खरी परीक्षा एकच : जे कधी खाल्लं नाही, ते आठ आठवडे, आणि त्याशिवाय काहीही नाही. आम्ही साताऱ्याकडचे. मासा घरात कधी शिजला नव्हता. तेव्हा गुंड्याला सुरमई-रताळं आणि आम्हाला पडवळ, अशी व्यवस्था झाली.

खाज थांबली. मेव्हण्यांना वाटलं, संपलं. अहो, इथं तर सुरुवात होते! आधी जुनं जेवण परत द्यायचं. दोनेक आठवड्यांत खाज परतली, तर गुन्हा खाण्याचाच. परतली. पुन्हा सुरमई. खाज शमली की संशयितांना एकेक करून आत बोलवायचं : दोन आठवडे सुरमईबरोबर फक्त चिकन, मग फक्त अंडं, मग फक्त दूध. ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदींचा एक हिशेब २०१६ साली छापला गेला. त्यात गोमांस ३४ टक्के, दूध १७, चिकन १५ आणि गहू १३. म्हणजे आमची सात्त्विक दूध-पोळी यादीत दुसरी आणि चौथी!

एकेक करून का, हे बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. संध्याकाळी कॅशमध्ये चाळीस रुपयांचा फरक आला की आम्ही एकेक व्हाउचर बघतो. त्या वेळी मागून कुणी "राहू द्या हो, हे माझे दहा घ्या," म्हणून ड्रॉवरमध्ये नोट टाकली, तर फरक तर मिटत नाहीच, वर सापडायचा तोही सापडत नाही.

चिकन निर्दोष सुटलं. अंड्याच्या नवव्या दिवशी गुंड्या कराकरा खाजवू लागला. वहीत मी अंड्यापुढे लाल फुली मारणार, तोच शेजारच्या काकू म्हणाल्या, "मी आल्यापासून रोज एकच मारी देते हो. तोंडाकडे बघतो बिचारा. एवढ्यानं काय होतंय?" काकू पाच महिने लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, नाहीतर आमची पहिली परीक्षाही बुडाली असती. एका मारीत गहू आणि दूध, दोन्ही आरोपी! अंड्याचं काय, ते देव जाणे. पुन्हा पहिल्यापासून सुरमई.

माझा राग काकूंवर नाही. मीही एकदा मांसाच्या चवीची जंताची गोळी देऊन बसलो होतो आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली होती. राग आहे तो या वाक्यावर. देणाऱ्याला दोन मिनिटं हलणारं शेपूट बघायला मिळतं. रात्रभर कातडी सोलून काढतो तो गुंड्या.

शेवटी मी त्याच्या गळ्यात पाटी बांधली : 'मला काहीही देऊ नका.' दुसऱ्या दिवशी काकूंनी ती चष्मा लावून नीट वाचली. "किती कडक आहेत रे तुझे बाबा!" म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण उघडलं.