सार्वजनिक बाग कोणाची?

गेल्या वर्षीं आमच्या नववीच्या वर्गाची सहल शहरांतील एका सार्वजनिक बागेंत नेली होती. त्या वर्गांतील एक विद्यार्थी चाकांच्या खुर्चींतून शाळेंत येतो. बागेच्या दाराशीं पोंचल्यावर दिसलें कीं, मोटारसायकली आंत शिरूं नयेत म्हणून तेथें लोखंडी खांब रोविले आहेत, आणि त्या खांबांमधून त्याची खुर्ची कांहीं केल्या जाईना. शेजारचें मोठें फाटक कुलूपबंद होतें, व त्याची किल्ली कोणापाशीं आहे हें पहारेकऱ्यास ठाऊक नव्हतें. फाटकाच्या आंत मात्र, दहा पावलांवर, खुर्च्यांसाठींच बांधलेला सिमेंटचा उतार बाहेरून स्पष्ट दिसत होता! "सर, तुम्ही जा, मी येथें थांबतों," असें तो मुलगा हंसून म्हणाला, आणि सांगण्यास लाज वाटते, पण एका मित्रास त्याच्यापाशीं ठेवून आम्ही गेलों. पाऊण तासानें परत आलों, तेव्हां तो खांबावर हात ठेवून आंत पाहत होता. त्या दिवसापासून जो विचार मनांत घोळत आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

बागेंत जाण्यास मिळणें ही नगरपालिकेची कृपा, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. अपंगांच्या हक्कांविषयींच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास आपल्या देशानें २००७ सालीं मान्यता दिली. त्यास अनुसरून दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ सालचा कायदा झाला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. इतरांच्या बरोबरीनें करमणुकीचा लाभ घेण्याचा हक्क या कायद्याच्या २९ व्या कलमांत सांगितला आहे. लोक करमणुकीसाठीं जेथें जातात अशा वास्तूही त्यांतील 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेंत येतात. जुन्या सार्वजनिक इमारतींत योग्य ते फेरफार करण्यास नियम प्रसिद्ध झाल्यापासून पांच वर्षांची मुदत होती. ते नियम जून २०१७ मध्यें निघाले. अर्थात् ती मुदत २०२२ सालींच संपली. कायदा मोडल्यास पहिल्या वेळीं दहा हजार रुपयांपर्यंत, व पुढें प्रत्येक वेळीं पन्नास हजारांपासून पांच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

आतां अनुदानाविषयीं. आपल्या नगरपालिका बागा केवळ स्वतःच्या तिजोरींतून बांधतात असें नाहीं. केंद्र सरकारनें २५ जून २०१५ रोजीं पांचशें शहरांसाठीं 'अमृत' योजना सुरू केली. तींत खर्चाच्या अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम बागांसाठीं व हिरव्या जागांसाठीं वापरण्याची मुभा होती, आणि त्या बागा मुलांस सोयीच्या असाव्यात असा आग्रह होता. पैसे वीस, चाळीस व चाळीस टक्के अशा तीन हप्त्यांनीं मिळावयाचे, व पुढचा हप्ता आधींच्या पैशांचा हिशेब दाखविल्यावरच मिळावयाचा. ही रीत योग्यच होय. परंतु हिशेबांत विटा व सिमेंट दिसतें; कुलूप दिसत नाहीं. उतार बांधला, त्याचें छायाचित्र निघालें, रक्कम खर्चीं पडली, कीं कागदावर काम पुरें होतें. तो उतार ज्याच्यासाठीं बांधला तो त्यावर चढला कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून आमच्या मतें तें काम पुरें म्हणतांच येत नाहीं.

या बाबतींत अमेरिकेंतील एक नियम विचार करण्याजोगा आहे. तेथें १९६५ सालच्या एका कायद्यानें बागांस व क्रीडांगणांस मध्यवर्ती सरकारकडून अनुदान मिळतें. तें एकदां घेतलें, कीं ती जागा कायमची सार्वजनिक करमणुकीसाठीं बांधली जाते. तिचा दुसरा उपयोग करावयाचा झाल्यास सरकारची संमति लागते, व तितक्याच किंमतीची दुसरी जागा लोकांस द्यावी लागते. शिवाय १९७३ सालच्या दुसऱ्या एका कायद्यान्वयें मध्यवर्ती सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यांतून अपंगांस वगळतां येत नाहीं. तात्पर्य, शेवटचा हप्ता आला म्हणून अट संपत नाहीं. अनुदान हें बक्षीस नव्हे, लोकांस दिलेलें वचन होय. बाग जोंवर उघडी, तोंवर तें वचनही जिवंत!

यावर कोणी म्हणेल, "खांब काढले तर मोटारसायकली शिरतील." ही अडचण खरी आहे, व बागेंत खेळणाऱ्या लहान मुलांसाठीं ती ध्यानांत घेतलीच पाहिजे. पण तिचा उपाय म्हणजे मोठ्या फाटकाची किल्ली पहारेकऱ्याच्या कमरेस असणें व दाराशीं एक घंटा टांगणें, इतका सोपा आहे. दुसरा म्हणेल, "असे लोक येतात तरी किती?" २०११ च्या शिरगणतींत देशांत दोन कोटि अडुसष्ट लक्ष अपंग मोजले गेले. त्यांत गुडघे धरलेले आजोबा, पाय मोडलेला खेळाडू किंवा तान्ह्या मुलाची गाडी ढकलणारी आई यांची गणना नाहीं. ज्यांस दाराशींच अडविलें ते आंत दिसत नाहींत म्हणून त्यांची गरज नाहीं असें ठरविणें, हा न्याय नव्हे. तिसरा पैशाची सबब सांगेल. ती कांहीं ठिकाणीं खरीही असेल. परंतु आम्हीं पाहिलेल्या बागेंत पैसा कधींच खर्च झाला होता. तेथें उणीव होती ती एका किल्लीची, आणि ती कोणी तरी जपून ठेवावी या आस्थेची.

८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, केवळ मार्गदर्शनपर नियमांनीं हा हक्क सिद्ध होत नाहीं, किमान नियम बंधनकारकच असले पाहिजेत, असा निर्णय दिला. हा निर्णय एका दृष्टिहीन नागरिकाच्या २००५ सालच्या अर्जावरील आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावें. एका माणसाचा अर्जही व्यर्थ जात नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची विनंति अशी: आपल्या पेठेंतील बागेचें दार मोजा, मोकळी रुंदी निदान ९०० मिलिमीटर हवी. उतार मोजा, एक फूट चढण्यास निदान बारा फूट लांबी हवी. पालकांनीं तीं मापें लिहून नगरपालिकेकडे पाठवावींत, व कामाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं एखाद्या अपंग नागरिकाकडून ती बाग तपासून घ्यावी अशी मागणी करावी. आम्हींही तसा अर्ज केला आहे, व उत्तराची वाट पाहत आहों.

मात्र सगळा दोष नगरपालिकेवर ढकलून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. त्या दिवशीं खांब लोखंडाचे होते. पण त्या मुलास बाहेर ठेवून आंत जाणारे पाय आमचे होते. पुढच्या सहलीची जागा आम्ही आधीं स्वतः पाहून येऊं, तेथील दार मोजूं, आणि मगच दिवस ठरवूं.