इंग्रजीतील ‘हॅव’ आणि मराठीतील ‘आहे’ : एका समीकरणाचा पुनर्विचार

इंग्रजीतील काळ शिकवताना मराठी माध्यमाच्या वर्गात एक समीकरण पिढ्यान्‌पिढ्या फळ्यावर लिहिले जाते. ‘मी आंबा खाल्ला’ हा साधा भूतकाळ, ‘मी आंबा खाल्ला आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ. पहिल्यासाठी ‘एट’, दुसऱ्यासाठी ‘हॅव ईटन’. जोडीला एक व्याख्याही दिली जाते : क्रिया नुकतीच पूर्ण झाली असेल तर पूर्ण वर्तमानकाळ योजावा. समीकरण सुटसुटीत आहे, व्याख्या पाठ होण्याजोगी आहे. आणि दोन्ही दिशाभूल करणारी आहेत. हा प्रश्न इंग्रजीच्या अध्यापकांचा आहे असे समजून मराठी विभागांनी त्याकडे पाठ फिरवणे उचित नव्हे. समीकरणाची एक बाजू मराठी आहे, आणि वर्गात तपासली जात नाही ती नेमकी तीच.

प्रथम व्याख्येचा विचार करू जाता तिचा फोलपणा सहज ध्यानात येतो. एका मिनिटापूर्वी भेटलेल्या माणसाविषयी बोलताना ‘अ मिनिट अगो’ हे शब्द वाक्यात आले की इंग्रजीत ‘सॉ’ असेच म्हणावे लागते. ‘हॅव सीन’ चालत नाही. उलट, मानव चंद्रावर चालला ती घटना १९६९ सालची. तरी ‘मेन हॅव वॉक्ड ऑन द मून’ हे वाक्य आजही निर्दोष आहे. तेव्हा निवडीचे गमक क्रियेचे ताजेपण हे नव्हे. ‘पूर्ण’ ही संज्ञाही फारशी उपयोगी पडत नाही, कारण साध्या भूतकाळातील क्रियाही पूर्णच झालेली असते.

गमक आहे ते वक्त्याने मनाशी धरलेल्या कालखंडाचे. हान्स रायशेनबाख याने १९४७ साली घटनेचा क्षण, बोलण्याचा क्षण आणि ज्या बिंदूवरून घटनेकडे पाहिले जाते तो क्षण असे तीन बिंदू कल्पून ही गोष्ट विशद केली. पाहण्याचा बिंदू ‘आता’ असेल तर ‘हॅव’. तो मागे, घटनेपाशीच असेल तर साधा भूतकाळ. सकाळी दहाला ‘धिस मॉर्निंग’ या शब्दांसह ‘हॅव’ चालते, कारण सकाळ सरलेली नाही. दुपारी चारला त्याच शब्दांसह साधा भूतकाळ स्वाभाविक ठरतो. प्रदर्शन चालू असेल तर ‘हॅव यू सीन इट?’, ते उठून गेले असेल तर ‘डिड यू सी इट?’. क्रिया तीच, बदलते ती चौकट. ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘१९११ मध्ये’ यांसारखे शब्द चौकट बंद करतात; म्हणून इंग्रजीत त्यांचे ‘हॅव’शी सहसा जुळत नाही.

मराठीतील ‘आहे’ मात्र या चौकटीशी बांधलेले नाही. ‘मी फी कालच भरली आहे’ हे वाक्य कोणाही मराठी भाषकाला खटकत नाही. ‘मोरो केशव दामले यांचे व्याकरण १९११ मध्ये प्रसिद्ध झाले आहे’ अशी वाक्ये संशोधनपर लेखनात पदोपदी आढळतात. ‘ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे’ या प्रयोगाला सात शतकांचे अंतर आड येत नाही. येथे ‘आहे’ काळाची चौकट दाखवत नाही; ते ग्वाही देते. फी भरल्याची वस्तुस्थिती आज उभी आहे, ग्रंथ उपलब्ध आहे, वचन प्रमाण म्हणून हाताशी आहे, असा त्याचा आशय. म्हणूनच मराठी विद्यार्थी ‘आय हॅव पेड द फीज यस्टरडे’ असे लिहितो तेव्हा तो निष्काळजीपणे लिहीत नसतो. तो मराठीचा नियम काटेकोरपणे पाळत असतो. चूक समीकरणाची असते.

समीकरण दुसऱ्या बाजूनेही ढळते. मराठीतील ‘ला’-प्रत्ययान्त रूप इंग्रजी साध्या भूतकाळाहून पुष्कळ व्यापक आहे. ‘बस आली’, ‘भूक लागली’, ‘दमलो बुवा’ ही वाक्ये वर्तमान स्थिती सांगतात. हाक ऐकून ‘आलो, आलो!’ म्हणणारा तर अजून जागचा हललेलाही नसतो. याउलट, दहा वर्षे चालू असलेल्या वास्तव्यासाठी इंग्रजीत ‘हॅव’ लागते आणि मराठी सरळ वर्तमानकाळ वापरते : ‘दहा वर्षे येथे राहतो’. ‘दहा वर्षे येथे राहिलो आहे’ असे म्हटले तर वास्तव्य संपल्याचाही बोध होऊ शकतो.

याचे परिणाम भाषांतरात दिसतात. इंग्रजी कथेतील आई मुलाला ‘हॅव यू ईटन?’ विचारते, समीकरणनिष्ठ भाषांतरकार तिच्या तोंडी ‘तू जेवला आहेस का?’ घालतो आणि घरातला प्रश्न चौकशीचा होतो. मराठी आई ‘जेवलास का?’ एवढेच म्हणते. उलट दिशेने, प्रबंधाच्या इंग्रजी सारांशात प्रत्येक ‘आहे’चे ‘हॅज’ झाले की दिवंगत लेखकाचे जुने लेखनही चालू कालखंडात येऊन पडते.

नवशिक्याला काहीतरी सोपे सूत्र हवेच, हा आक्षेप रास्त आहे. ‘माझी किल्ली हरवली आहे’ यांसारख्या वाक्यांत, जेथे परिणाम समोर आहे आणि काळाचा उल्लेख नाही, तेथे ते समीकरण जुळतेही. अमेरिकी इंग्रजीत अशा ठिकाणी साधा भूतकाळही सर्रास चालतो, हेही सांगितले पाहिजे. परंतु उदाहरणांच्या एका गटापुरते खरे असलेले सूत्र नियम म्हणून देणे हे सोपे करणे नव्हे.

चौकटीचा विचार मराठीच्या अभ्यासकाला परकाही वाटू नये. पाणिनीने लङ्‌ लकार अनद्यतन भूतासाठी, म्हणजे आजच्या दिवसापलीकडील भूतासाठी सांगितला. तेथेही प्रश्न क्रिया किती पूर्ण झाली हा नसून ती कोणत्या कालखंडात पडते हा आहे. पाणिनीची चौकट ‘आज’ ही ठरलेली. इंग्रजीची वक्ता ठरवतो, इतकाच भेद. तेव्हा ‘नुकतीच’ हा शब्द व्याख्येतून काढावा, आणि ‘क्रिया संपली का?’ या प्रश्नाऐवजी ‘ज्या कालखंडाविषयी बोलणे चालू आहे तो संपला का?’ हा प्रश्न वर्गात विचारावा. त्याच वेळी मराठी व्याकरणाच्या तासाला ‘आहे’ची स्वतंत्र मीमांसा व्हावी. ‘पूर्ण वर्तमानकाळ’ हे नाव देऊन ते रूप इंग्रजीच्या रकान्यात बसवता येते. त्याने मराठीत काय साधते हे मात्र त्या नावावरून कळत नाही.