टाळेबंदी आणि पक्षिगणना

२५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि रस्ते, शाळा, कारखाने एकाएकीं निःशब्द झाले. त्या दिवसांविषयीं बोलतांना 'तेव्हां पक्षी किती वाढले होते!' असा उद्गार अजूनही घरोघर ऐकूं येतो. आपल्या कळमन्याचा मोठा धान्यबाजार आणि त्याच्या मालमोटारींचा गलबला ज्यांच्या नित्य परिचयाचा आहे, त्यांस तसें वाटणें साहजिकच आहे. परंतु पक्षी खरोखर वाढले होते, कीं गोंगाट थांबल्यामुळें त्यांचा आवाज आपल्या कानीं पडूं लागला? या प्रश्नाचा निकाल भावनेनें लागत नाहीं. त्यास मोजदाद लागते.

ही मोजदाद बहुतांशीं हौशी लोकच करितात. फेब्रुवारी २०२० मध्यें भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत ८६७ जातींचा विचार केलेला आहे. आणि त्याचा पाया म्हणजे १५ हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनीं केलेल्या एक कोटीवर नोंदी. पुढच्याच महिन्यांत महामारीनें असल्या कामाची वाट अडविली. ब्रिटनमध्यें १९९४ पासून चालत आलेल्या वार्षिक पक्षिपाहणीच्या स्वयंसेवकांनाही त्या वसंतांत आपलें क्षेत्रकार्य थांबवावें लागलें.

कोणी म्हणेल कीं, अंबाझरीच्या कांठीं एकटा मनुष्य दुर्बीण घेऊन उभा राहिला असता, तर कोणाचें काय बिघडलें असतें? कदाचित् कांहींच नाहीं. परंतु निर्बंध प्रत्येकानें आपणांपुरता सैल केला म्हणजे तो निर्बंधच राहत नाहीं. अन्नधान्याची ने-आण निकडीची होती. पक्षिनिरीक्षण तसें नव्हतें. ज्या हमालास पोटासाठीं बाहेर पडणें भाग होतें, त्याचा धोका आपल्या हौसेपायीं वाढविण्याचा अधिकार कोणासही नव्हता. तेव्हां घरीं राहून गच्चीवरून वा खिडकींतून ज्यांनीं पक्षी मोजले, त्यांनीं योग्य तेंच केलें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मात्र या गृहगणनेंत एक फसगत आहे, ती विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावी. समजा, एकानें फेब्रुवारींत गोरेवाड्याच्या तलावावर पक्षी मोजले आणि एप्रिलांत आपल्या गच्चीवरून. दोन याद्या शेजारीं ठेवल्या तर बदकें नाहींशीं झालीं आणि चिमण्या-पारवे वाढले, असें दिसेल. वस्तुतः बदलली ती पाहणाऱ्याची जागा. शिवाय हिवाळ्यांत उत्तरेकडून येणारीं बदकें तोंवर परतूं लागलेलीं असतात. म्हणून स्थळ, दिवस, वेळ आणि किती मिनिटें पाहिलें, एवढें लिहिल्यावांचून नुसत्या आंकड्यास किंमत नाहीं.

चिमणीचेंच उदाहरण घ्या. ती सर्वत्र नष्ट होत चालली आहे, असें आपण सहज बोलतों. उपरिनिर्दिष्ट अहवालानें दाखविलें कीं, देशांत एकंदरींत तिची संख्या जवळजवळ स्थिर आहे. घट आढळली ती मुंबई, दिल्ली, कलकत्ता यांसारख्या सहा महानगरांत. त्या सहांत नागपूर नाहीं. मग धान्यबाजाराच्या शेजारची आपली चिमणी वाढते आहे कीं घटते आहे, हें सांगण्यास येथल्याच मुलांच्या वह्या हव्यात.

महाराष्ट्र शासनानें २०२० सालींच पक्षिसप्ताह अधिकृतपणें सुरू केला. नागपुरांत दीर्घकाळ राहिलेले अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, आणि डॉ. सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर. त्या दोहोंमधला हा आठवडा. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु सात दिवसांच्या उत्साहानें वर्षाची मोजदाद होत नाहीं. प्रत्येक रविवारीं सकाळीं, एकाच जागेवरून, पंधरा मिनिटें पक्षी मोजावे. कावळा, साळुंकी, घार, बगळा, जें दिसेल तें लिहावें. ओळख पटली नाहीं तर तसें लिहावें. आणि एकही चिमणी दिसली नाहीं, तर शून्यही लिहावें. पालकांनीं याला वेळेचा अपव्यय समजूं नये. जें पाहिलें तेवढेंच लिहिण्याची संवय पुढें कोणत्याही व्यवसायांत उपयोगी पडते.

टाळेबंदीच्या आधींच्या वर्षांच्या अशा वह्या ज्या घरांत असतील, त्यांस आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आपल्या अंगणापुरतें आजही काढतां येईल. बाकीच्यांनीं येत्या रविवारपासून आरंभ करावा.